घरच्या शेडसाठी व्हॅक्यूम: कोणता घ्यावा, कसा वापरावा

खानदेशातल्या शेडमध्ये साचणारी धूळ एका जातीची नसते. होळीनंतर वारं सुटलं की पत्र्याच्या फटींतून काळ्या मातीचा बारीक धुरळा आत येतो. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, तेव्हा रुईचे तंतू टेबलाखाली, कपाटामागे, मशीनच्या मोटरीत जाऊन बसतात. त्यात वर्षभराचा करवतीचा भुसा, रंध्याच्या ढलप्या आणि भिंतीला ड्रिल मारल्यावर पडणारी पूड. हे बहुतेक सगळं एका व्हॅक्यूमने ओढता येतं, पण एका फिल्टरने येत नाही. म्हणून खरेदीला जाताना आधी फिल्टर बघावा, मग पाइप, मग टाकी, आणि मोटरचे आकडे सगळ्यात शेवटी. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

झाडूने भागत का नाही, तेही समजून घ्या. डोळ्यांना दिसणारा भुसा फारसं नुकसान करत नाही. त्रास देते ती न दिसणारी पूड. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला साधारण आठ मिनिटं घेतो, १ मायक्रॉनच्या कणाला जवळपास अर्धा दिवस लागतो. झाडू मारला की हीच पूड उठते आणि तुम्ही काम संपवून बाहेर पडेपर्यंत नाकाच्या उंचीवर तरंगत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये आणि श्वासावाटे आत जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं. सिलिका म्हणजे वाळू, काँक्रीट, विटा आणि टाइल्सच्या पुडीतला घटक. घरचं काम सुट्टीच्या दिवसापुरतं असलं, तरी शेड बहुधा घराला लागून असते आणि पोरंबाळं तिथेच खेळतात.

घरातला व्हॅक्यूम शेडमध्ये आणू नका

सोफा-गाद्यांच्या साध्या व्हॅक्यूममध्ये ओढलेली हवाच फिल्टरमधून गाळून मोटरीवरून जाते आणि मोटर तिच्यावरच थंड राहते. पिशवी भरली की हवा अडते, मोटर तापते. फिल्टरमधून निसटलेली मातीची पूड थेट बेअरिंगमध्ये शिरते. पाणी गेलं तर विषयच संपला. शेडसाठी ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा, म्हणजे 'वेट अँड ड्राय' जातीचा घ्यावा. त्यात मोटर थंड करायला वेगळा पंखा आणि वेगळी जाळी असते. ओढलेली हवा दुसऱ्या वाटेने बाहेर जाते. ही जाळी मोटरच्या टोपीवर दिसते. काम चालू असताना तिच्यावर पोतं, टॉवेल, शर्ट काही टाकू नका.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

वॅट हा आकडा मशीन वीज किती खातं ते सांगतो, धूळ किती ओढेल ते सांगत नाही. खरे आकडे दोन. एक हवेचा प्रवाह, जो लिटर प्रति सेकंद किंवा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असा देतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. दुसरा ओढीचा दाब, जो किलोपास्कल किंवा मिलिबारमध्ये असतो. १० मिलिबार म्हणजे १ किलोपास्कल. २० किलोपास्कल ओढ असलेलं मशीन पाण्याचा स्तंभ सुमारे २ मीटर वर खेचू शकतं.

गोम अशी, की सगळ्यात जास्त प्रवाह पाइप उघडा असताना मोजलेला असतो आणि सगळ्यात जास्त दाब तोंड बंद करून. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. भुसा आणि ढलप्यांना प्रवाह लागतो. पाणी, खडी, गालिच्यात रुतलेली माती यांना दाब लागतो. दुकानदार तळहात पाइपच्या तोंडावर लावायला सांगतो, ती परीक्षा फक्त दाबाची झाली. प्रवाह बघायचा तर कागदाचे कपटे टेबलावर पसरा, पाइप दोन सेंटिमीटर वर धरा आणि किती भराभर उचलले जातात ते बघा.

घरच्या सुतारकामाला आणि गॅरेजला १००० ते १४०० वॅट, १८० मिलिबारच्या पुढे दाब आणि पाइपच्या टोकाशी सेकंदाला ३० लिटरच्या आसपास प्रवाह भरपूर झाला. डब्यावर '५ एचपी' किंवा '६ एचपी' छापलेलं असेल तर गणित करून बघा. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट मिळतात, म्हणजे पावणेदोन एचपीपेक्षा थोडं जास्त. १६ अँपिअरच्या सॉकेटमधूनसुद्धा पाच एचपी पुरे होत नाहीत. तो आकडा जाहिरातीचा आहे, त्यावर पैसे देऊ नका.

टाकी १५ ते २० लिटरची बरी. ३० लिटरची भुशाने भरली की एकट्याला उचलून ओतणं जड जातं, आणि ओल्या मातीने भरली तर हलतही नाही. छापलेले लिटर पूर्ण मिळत नाहीत हेही धरून चाला: आत फिल्टर लोंबत असतो, त्यामुळे कोरड्या भुशाला अर्धी ते दोनतृतीयांश टाकीच कामाची. स्टीलची टाकी टिकते, पण वाकली की झाकण नीट बसत नाही. प्लास्टिकची वाकत नाही, मात्र कोरड्या हवेत स्थिर वीज धरते. पुढची दोन चाकं खडबडीत फरशीवर अडत असतील तर ते मशीन घेऊ नका, पाइप ओढताना ते रोज आडवं होईल.

फिल्टर

ओल्या-कोरड्या मशीनसोबत बहुधा स्पंजचा एक फिल्टर आणि कापडाचा किंवा घड्यांचा एक येतो. स्पंज फक्त पाण्यासाठी. स्पंज लावून भुसा ओढला तर निम्मी पूड मागच्या तोंडातून परत शेडमध्ये येते. डोळ्यांना दिसत नाही, संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की कळतं.

कापडी फिल्टर ढलप्या आणि जाड भुशाला चालतो. बारीक पुडीसाठी घड्यांचा कार्ट्रिज हवा. 'हेपा' म्हणून विकला जाणारा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा असला पाहिजे. डब्यावर नुसतं 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. युरोपीय मानकाप्रमाणे बनलेल्या मशीनवर एल, एम किंवा एच अशी खूण असते: एल वर्ग जास्तीत जास्त १ टक्का धूळ सोडतो, एम ०.१ टक्का, एच ०.००५ टक्का.  साग, बाभूळ, कडुनिंब अशी कठीण लाकडं, एमडीएफ (भुसा डिंकाने दाबून केलेली फळी), प्लायवूड, सिमेंट, दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा, टाइल्स यांना एम वर्ग किंवा खरा हेपा घ्यावा.

आता आपल्या मातीकडे या. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि पाणी लागलं की फुगतात. कोरडे असताना ते फिल्टरच्या घड्यांत खोल जाऊन बसतात. तेवढ्यात फिल्टरला ओल लागली, मग ती पावसाळी हवेची असो की कोणी चुकून ओली फरशी ओढल्याची, की माती घड्यांत लिंपणासारखी बसते. असा फिल्टर मग झटकून निघत नाही, धुऊन निघत नाही, फेकावाच लागतो. म्हणून कार्ट्रिज लावलेल्या मशीनने ओलं काही ओढायचं नाही, आणि धुतलेला कार्ट्रिज पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवायचा नाही.

कार्ट्रिजचं आयुष्य वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आत पिशवी लावणं. कागदापेक्षा न विणलेल्या कापडाची पिशवी घ्या. ती फाटत नाही आणि तिची ओढ शेवटपर्यंत टिकते. पिशवी भरली की तोंड बंद करून तशीच टाकता येते, ओतताना धुरळा उडत नाही. सिमेंट आणि मातीला पिशवी लावल्याशिवाय मशीन सुरूच करू नये. लाकडाच्या नुसत्या भुशाला मात्र पिशवी लवकर भरते, तिथे खाली सांगितलेला सायक्लोन परवडतो.

रुईची गोष्ट वेगळी. ती घड्यांत शिरत नाही, वरून नमद्यासारखा थर धरते आणि ओढ एकदम पडते. हा थर हाताने सोलून काढता येतो, पण तो तरंगत्या बॉलच्या पिंजऱ्यातही गुंतलेला असतो; टाकी पाण्याने भरली की हाच बॉल वर येऊन मोटरीकडची वाट बंद करतो. कापसाच्या खोलीत काम केलं की पिंजरा उघडून बघाच. बॉल तिथे अडकून राहिला तर पुढच्या वेळी पाणी थेट मोटरीत जाईल.

फिल्टर साफ करायचा तो शेडच्या बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून. आधी प्लास्टिकच्या कडेने डब्यावर हलके ठोके द्या; घड्यांवर मारू नका. मग हवा मारायची असेल तर आतून बाहेर, सुमारे ३० पीएसआय दाबाने, १५ सेंटिमीटर अंतरावरून. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची पूर्ण हवा जवळून सोडली की कागद फाटतो आणि ते भोक दिसत नाही. दिसावं म्हणून अंधारात फिल्टरच्या आत मोबाइलचा टॉर्च धरा. जिथून उजेडाचा ठिपका येतो तिथून धूळही जाणार. पाण्याने धुणं फिल्टरवर 'धुता येतो' असं लिहिलेलं असेल तरच, साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली, आणि नंतर किमान २४ तास सावलीत. उन्हात रबराची कड आक्रसते आणि मग झाकण कितीही आवळलं तरी कडेने धूळ निसटते.

मशीन घ्यायच्या आधी दुकानदाराला एवढंच विचारा: ह्याचा फिल्टर आणि पिशव्या सुट्या मिळतात का, आणि आत्ता दुकानात आहेत का? 'मागवून देतो' हे उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा.

पाइप आणि जोड

पाइप बारीक झाला की मशीन कितीही दमदार असलं तरी हवा येत नाही. ५० मिलिमीटरच्या पाइपचं तोंड ३२ मिलिमीटरच्या जवळपास अडीचपट मोठं असतं. सँडर (लाकूड घासायचं मशीन), ड्रिल अशा छोट्या हत्यारांना २७ ते ३६ मिलिमीटर ठीक. रंध्याच्या ढलप्या आणि जमिनीवरचा कचरा यांना ५० असेल तर अडकत नाही. लांबी अडीच-तीन मीटर ठेवा. दोन पाइप जोडून सहा मीटर केला की ओढ पडल्याचं लगेच जाणवतं; त्यापेक्षा मशीनच जवळ न्या.

हत्याराचं तोंड आणि पाइपचं तोंड जुळत नाही, ही कायमची कटकट. जळगावात पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि जोड कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतात. आपल्याकडे पीव्हीसी पाइपचं माप बाहेरच्या व्यासाने सांगतात, म्हणून ३२, ४० किंवा ५० चा तुकडा पाइपच्या आत बसतो का ते बघून घ्या. सँडरचं तोंड विचित्र मापाचं असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा १० सेंटिमीटरचा तुकडा चढवा आणि दोन्हीकडे क्लिप लावा. रबर ताणलं जातं, हवा गळत नाही, आणि हत्याराची थरथर पाइपला कमी लागते.

बादलीचा सायक्लोन

लाकडाचं काम नियमित असेल तर व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन लावा. हवा शंकूत गोल फिरते, जड भुसा कडेला जाऊन खाली बादलीत पडतो, फक्त बारीक पूड व्हॅक्यूमपर्यंत जाते. फिल्टर साफ करायची पाळी फार कमी येते. प्लास्टिकचा तयार शंकू ऑनलाइन मिळतो. बाकी सगळं घरचं.

१. डिस्टेंपरची २० लिटरची, झाकण घट्ट बसणारी बादली घ्या. झाकणाच्या कडेचं रबर शाबूत हवं.

२. शंकूची खालची चकती झाकणाच्या मधोमध ठेवून आतलं गोल आणि बोल्टची भोकं पेन्सिलने आखा. गोल कापताना रेषेच्या दोन मिलिमीटर आत राहा, मग कानशीने जुळवा.

३. चकतीखाली सिलिकॉनचा सलग थर द्या, बोल्ट घाला, झाकणाच्या खालच्या बाजूने मोठे वायसर लावून नट आवळा. वायसर नसले तर प्लास्टिक फाटतं. सिलिकॉन एक रात्र वाळू द्या.

४. बाजूच्या तोंडाला हत्याराकडून येणारा पाइप, वरच्या तोंडाला व्हॅक्यूमकडे जाणारा. उलट जोडलं तर सगळा भुसा सरळ व्हॅक्यूममध्ये जातो.

५. बादली रिकामी असताना मशीन सुरू करून पेटती अगरबत्ती झाकणाच्या कडेने फिरवा. धूर आत ओढला जातो तिथे गळती आहे. खालच्या बाजूची एवढीशी गळतीही पडलेला भुसा पुन्हा वर उचलते आणि सायक्लोन निकामी करते.

६. पाइपचं तोंड दोन सेकंद तळहाताने बंद करून बादलीकडे बघा.

शेवटची पायरी गाळू नका. २० किलोपास्कल ओढीला ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे १४० किलो वजनाएवढा भार येतो. पाइप चोंदला की पातळ बादली आवाज करून चेपते आणि झाकण निसटतं. त्याला साधा इलाज आहे: त्याच मापाची दुसरी बादली आत घट्ट बसवा. आतली बादली भुसा ओतायलाही सोयीची.

बादली दोनतृतीयांश भरली की रिकामी करा. हाताने मारलेल्या रंध्याच्या लांब गुंडाळ्या बाजूच्या तोंडात अडकतात, त्या हातानेच उचला. रुईसाठी सायक्लोन लावू नका. हलके तंतू नीट खाली पडत नाहीत, गोळे होऊन वरच अडकतात.

वीज, आणि मे महिन्यातली शेड

१४०० वॅटचं मशीन सुमारे ६ अँपिअर घेतं, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटची हद्द संपली. १६ अँपिअरचा पॉइंट शेडमध्ये घ्या, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, असू द्या. काही मशीनवर हत्याराचा प्लग लावायला सॉकेट असतं: हत्यार सुरू केलं की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो. सोय फार छान, पण दोघांचा मिळून भार १२ अँपिअरपर्यंत जातो आणि तो सगळा एकाच वायरीतून येतो. ओसरीतून ३० मीटर एक्स्टेंशन ओढून आणलं असेल आणि त्याची तांब्याची तार ०.७५ चौरस मिलिमीटर असेल, तर १२ अँपिअरला वायरीतच १८-१९ व्होल्ट पडतात. १.५ ची तार घेतली तर निम्मे. गुंडाळीवरचं एक्स्टेंशन पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली तार आतल्या आत तापून वितळते.

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटरीचे फेरे कमी होतात, ओढ पडते, आणि थंड करणारा पंखाही मंदावतो. ती वेळ सँडिंगची नव्हे. घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन लावू नका.

मे महिन्यात पत्र्याखाली हवाच पंचेचाळीसच्या पुढे असते आणि मोटर तीच हवा अंगावर घेते. सलग पंधरा-वीस मिनिटांनंतर विश्रांती द्या. मशीन आपोआप बंद पडलं तर आतला थर्मल कटआउट, म्हणजे मोटर तापली की वीज तोडणारा स्विच, उडालाय. प्लग काढा, फिल्टर बघा, अर्धा तास सावलीत ठेवा.

कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाइपमधून भुसा धावला की स्थिर वीज साचते आणि हाताला चटका बसतो. घरच्या कामात स्फोटाची भीती नसते. भीती अशी की फिरत्या पात्याजवळ हात दचकतो. पाइपला बाहेरून उघडी तांब्याची बारीक तार गुंडाळा आणि तिचं टोक अर्थिंग असलेल्या मशीनच्या लोखंडी पायाला जोडा. दोन पिनांच्या प्लगचं व्हॅक्यूम स्वतः अर्थ देत नाही. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायला विसरू नका, काळी माती भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

प्रत्यक्ष वापर

धूळ जमिनीवर पडल्यावर ओढण्यापेक्षा उडतानाच पकडायची. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: पाइपच्या तोंडापासून तोंडाच्या व्यासाएवढं अंतर गेलं की हवेचा वेग दहाव्या हिश्श्याहून कमी उरतो. ३६ मिलिमीटरचा पाइप म्हणजे इंचभर अंतरातच सगळा खेळ. हातभर लांब टेबलावर ठेवलेला पाइप काहीही पकडत नाही.

मार्बल कटरने प्लाय कापणारे बरेच. त्याला धुळीचं तोंड नसतं. पाच लिटरच्या ऑइलच्या रिकाम्या, पुसून कोरड्या केलेल्या कॅनची एक बाजू कापा, पाइप त्याच्या गळ्यात बसवा आणि कॅनचं उघडं तोंड कापाच्या मागे, जिकडे भुसा फेकला जातो तिकडे क्लॅम्पने लावा. भिंतीला ड्रिल मारताना पाइपचं तोंड भोकाच्या लगेच खाली टेकवून धरा.

सँडरवर पॉलिश पेपरची भोकं गादीच्या भोकांशी जुळली नाहीत तर व्हॅक्यूम लावून काही उपयोग नाही. ओढ जास्त झाली तर चकती लाकडाला चिकटते, मशीन झटके देतं आणि गोल ओरखडे उमटतात; पाइपच्या मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडा. आधी व्हॅक्यूम सुरू, मग हत्यार. बंद करताना आधी हत्यार, मग दहा सेकंदांनी व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातला भुसा टाकीपर्यंत पोहोचतो.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर मळणीचा भुसकट आणि रुई पुढच्या बाजूने चिकटते, कारण पंखा हवा पुढून मागे ओढतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मऊ ब्रश लावून पुढूनच ओढा. मागून ब्लोअर मारला तरी बराचसा कचरा सुटतो. ब्रश नेहमी रेडिएटरच्या पातळ पात्यांच्या दिशेने फिरवा. त्यांना आडवा फिरवला की पाती मुडपतात. गाडीच्या आतल्या मॅटवरची काळी माती आधी पूर्ण वाळू द्या, मॅट उलटी करून ठोका, मग ओढा. ओलसर असताना ओढाल तर पाइपच्या आतल्या वळ्यांत ती चिकटून घट्ट होते.

हे सगळं करूनही एन-९५ मास्क उतरवायचा नाही. मशीनचा आवाज ७५ ते ८५ डेसिबल असतो, त्यात ग्राइंडर किंवा करवत मिळाली की कानात बोळे हवेतच.

पाणी ओढताना

पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरलं तर कार्ट्रिज आणि पिशवी दोन्ही काढा, स्पंज चढवा, बॉल बोटाने वर-खाली करून मोकळा आहे का बघा. मशीन पाण्यात उभं करू नका, कोरड्या फळीवर ठेवा. टाकी भरत आली की बॉल वर जाऊन हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढतो. आवाज चढला की लगेच बंद करायचं. साबणाचं पाणी टाळा: फेस बॉलला उचलत नाही, तसाच मोटरीत जातो. काम झाल्यावर टाकी धुवा, पुसा, आणि झाकण लावून पाइपसकट पाच मिनिटं रिकामं मशीन चालवा म्हणजे आतली ओल निघते.

हे कधीच ओढू नका

पेट्रोल, डिझेल, थिनर आणि त्यात भिजलेला भुसा. मोटरीत ठिणग्या असतात, वाफ पेटायला तेवढ्या पुरतात. चुलीची राख वरून गार दिसली तरी आत निखारा असतो. ग्राइंडरच्या ठिणग्यांसमोर पाइप धरू नका. टाकीतल्या भुशात पडलेली ठिणगी तासाभराने पेटते. लोखंडी चुरा गार झाल्यावर चुंबकाने उचलावा: चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, चुरा चिकटवा, पिशवी उलटी करा, चुरा आत आणि चुंबक हातात. ॲल्युमिनियमची पूड टाकीत साठवू नये. अळशीच्या तेलाचं पॉलिश घासलेली पूड टाकीत रात्रभर ठेवू नये, ती स्वतःहून तापते.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापणं, घासणं टाळाच. तुकडे-पूड पडली असेल तर पाणी शिंपडून ओल्या फडक्याने उचला, साध्या व्हॅक्यूमने ओढली तर तंतू मागच्या तोंडातून सगळ्या शेडमध्ये पसरतात. मोटरसायकलच्या ब्रेक ड्रममधली पूडही ओल्या फडक्यानेच पुसा, फुंकू नका. सांडलेली कीटकनाशकाची पावडर आणि बॅटरीचं ॲसिड यांनाही हात लावू देऊ नका व्हॅक्यूमला.

ओढ कमी झाली तर

पाइप टाकीपासून काढा आणि टाकीच्या तोंडावर तळहात धरा. तिथे ओढ जोरदार असेल तर पाइप किंवा नळी चोंदलीय: एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून बघा, आणि मशीनच्या हवा बाहेर टाकणाऱ्या, ब्लोअरच्या तोंडाला उलटा जोडून फुंका. सळई खुपसू नका. टाकीलाच ओढ नसेल तर पिशवी, फिल्टर, झाकणाच्या क्लिपा आणि रबर, अडकलेला बॉल या क्रमाने बघा. सगळं ठीक असूनही आवाज अडखळतोय, जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो, तर मोटरीतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजलेत. ते दोन्ही एकत्र बदला.

निव्वळ लाकडाचा भुसा गोठ्यात पसरायला चालतो. प्लाय आणि एमडीएफच्या भुशात डिंक आणि रसायन असतं, तो गोठ्यात नको आणि चुलीतही नको.

मशीन ठेवताना टाकी रिकामी, पाइप भिंतीवर उंच खिळ्याला मोठ्या गोलात टांगलेला. जमिनीवर ठेवलेला पाइप उंदीर कुरतडतात. पाइपच्या दोन्ही तोंडांना आणि ब्लोअरच्या भोकाला कापडाचे बोळे लावा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते आणि पहिल्याच वेळी ते ढेकूळ फिल्टरवर येऊन आदळतं.